घरावरचं सोलर किती वर्षं टिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि दुसरा टिकण्याचा. पैशांचं उत्तर कोटेशनमध्ये मिळतं. टिकण्याबद्दल मात्र "पंचवीस वर्षं बघायला नको" एवढंच ऐकायला मिळतं, आणि हे वाक्य अर्धंच खरं आहे. पॅनेल बहुतेक वेळा टिकतं. त्याच्याभोवती जे असतं, म्हणजे इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र), लोखंड, वायरी, बोल्ट, अर्थिंग आणि खालचा स्लॅब, ते आधी कुरकुरायला लागतं. म्हणून खाली पॅनेलपेक्षा या बाकीच्या मंडळींबद्दल जास्त लिहिलं आहे. उत्तरं महाराष्ट्रातल्या साध्या घरगुती यंत्रणेला धरून आहेत: २ ते ५ किलोवॅट, विजेच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली.

पॅनेल खरंच २५ वर्षं चालतं का? कोणी चालवून पाहिलंय?

हो, पाहिलंय. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे १९८२ साली १० किलोवॅटचा एक सौर प्रकल्प बसवला गेला. युरोपात विजेच्या जाळ्याला जोडलेला तो पहिलाच. संशोधकांनी तो तेव्हापासून मोजत ठेवला. ३५ वर्षांनंतर तपासणी झाली तेव्हा तिथली बरीचशी पॅनेल मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वीज देत होती.

मात्र त्या प्रकल्पाचा खरा धडा पुढेच आहे. पॅनेल एकाच कंपनीची, एकाच वेळी बसवलेली, एकाच छतावरची. फरक एवढाच की काच आणि सेल (ऊन झेलून वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या) यांना एकत्र धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा चिकट थर वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आला होता. काहींचा थर उत्तम राहिला, काहींचा पिवळा पडला, सुटला, आणि ती पॅनेल लवकर थकली. म्हणजे सिलिकॉन म्हातारं होत नाही म्हटलं तरी चालेल. म्हातारं होतं ते त्याच्याभोवतीचं पॅकिंग. स्वस्त पॅनेलमध्ये काटकसर नेमकी तिथे केलेली असते आणि ती नवं पॅनेल बघून ओळखू येत नाही.

२५ वर्षं झाली की बंद पडतं का?

नाही. २५ हा आकडा वॉरंटीचा आहे, आयुष्याचा नाही. सव्विसाव्या वर्षीही सूर्य उगवला की वीज येईल, फक्त थोडी कमी.

दरवर्षी वीज किती कमी होते?

पहिल्या वर्षी घट जरा जास्त असते, साधारण २ टक्के. ऊन पहिल्यांदा लागल्यावर सेलमध्ये जे बदल होतात त्यामुळे हे घडतं. टॉपकॉन प्रकारच्या नव्या पॅनेलमध्ये कंपन्या हा आकडा १ टक्का धरतात. त्यानंतर दरवर्षी कागदावर ०.४ ते ०.५५ टक्के.

३ किलोवॅटचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे वर्षभराची सरासरी काढली तर १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे सुरुवातीला रोजचे १२ युनिट. कागदावरच्या वेगाने घट झाली तर दहाव्या वर्षी हे सव्वाअकराच्या आसपास आणि पंचविसाव्या वर्षी दहाच्या थोडं वर राहतील. समजा माल बेताचा निघाला आणि घट वर्षाला १ टक्का झाली, तर पंचविसाव्या वर्षी नऊच्या जरा खाली. त्यातही यंत्रणा घाट्याची ठरत नाही, कारण घरगुती ग्राहकाचे बसवण्याचे पैसे त्याच्या कितीतरी आधी वसूल झालेले असतात.

एक सावधगिरी. जुलैचं उत्पादन एप्रिलशी ताडून "पॅनेल उतरलं" असा निष्कर्ष काढू नका. तुलना करायची तर या वर्षीच्या मार्चची गेल्या वर्षीच्या मार्चशी करा, आणि तीही पॅनेल धुतल्यानंतर.

आमच्याकडे चंद्रपूरला ४६ अंश ऊन असतं. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज ना?

ऊन हवं, उष्णता नको. पॅनेलच्या पाठीवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या पॅनेलचा सेल ६५ अंशांवर सहज जातो. दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.३५ टक्के वीज कमी होते, म्हणजे त्या वेळी १२ ते १४ टक्के गेली. ही घट तात्पुरती असते; संध्याकाळी पॅनेल गार झालं की हिशोब मिटला. म्हणून पुष्कळ ठिकाणी सगळ्यात चांगलं उत्पादन मेऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसतं.

कायमची झीज हा वेगळा मामला आहे. आयआयटी मुंबईचं राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आणि गुरुग्रामची राष्ट्रीय सौरऊर्जा संस्था यांनी २०१३ पासून काही वर्षांच्या अंतराने देशभर फिरून बसवलेल्या पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर झिजतात हे त्यात दिसलं, ते अपेक्षितच होतं. जास्त टोचणारी गोष्ट दुसरी: मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या आणि छतावरच्या यंत्रणांची झीज जास्त आढळली. मोठ्या प्रकल्पात माल तपासून घेतला जातो, उचलताना-बसवताना देखरेख असते. घरगुती कामात पॅनेल टेम्पोतून उतरवून जिन्यातून डोक्यावर नेलं जातं, वाटेत एक कोपरा भिंतीवर आपटतो आणि कोणी काही बोलत नाही.

उष्णतेवर तुमच्या हातात असलेला उपाय म्हणजे खालून हवा खेळू देणं. पत्र्याच्या छताला पॅनेल अगदी चिकटवून बसवली की ती विनाकारण जास्त तापतात. मध्ये वीतभर तरी जागा मागून घ्या.

वॉरंटीचे दोन कागद का असतात?

कारण त्या दोन वेगळ्या वॉरंट्या आहेत, आणि बहुतेकांना एकच ठाऊक असते.

मोठ्या अक्षरात लिहिलेली २५ किंवा ३० वर्षांची वॉरंटी ही वीजनिर्मितीची असते: अमुक वर्षी पॅनेल मूळ क्षमतेच्या निदान इतके टक्के वीज देईल. दुसरी असते वस्तूची: फ्रेम, काच, मागचा जंक्शन बॉक्स, पॅनेलमध्ये पाणी शिरणं वगैरे. ही बहुधा १० किंवा १२ वर्षांची असते. प्रत्यक्षात पॅनेलला जे दुखणं होतं ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारातलं. त्यामुळे दोन कोटेशनांची तुलना करताना २५ आणि ३० च्या आकड्यांकडे पाहू नका, हा छोटा आकडा पाहा.

वीजनिर्मितीच्या वॉरंटीवर दावा करणंही वाटतं तितकं सोपं नाही. मोबाइल ॲपमध्ये युनिट कमी दिसतात हा पुरावा धरला जात नाही. पॅनेल ठरावीक तापमानाला आणि ठरावीक प्रकाशात मोजावं लागतं, मोजमापातली तूट-वाढ वजा होते, आणि बऱ्याच कंपन्यांच्या अटींत पॅनेल उतरवण्याचा, वाहतुकीचा आणि परत बसवण्याचा खर्च ग्राहकावर असतो. एका पॅनेलच्या ३ टक्क्यांसाठी हे कोणी करत नाही. ही वॉरंटी खोटी नाही, पण तिच्या भरवशावर जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

आणि कंपनीच बुडाली तर?

तर कागद उरतो. सीडी-डीव्हीडीमुळे घराघरांत माहीत झालेला मोझर बेअर समूह सोलर पॅनेलही बनवत होता. मोझर बेअर इंडियाला २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात काढण्याचा आदेश झाला. चीनमधली सनटेक एकेकाळी जगातली सर्वांत मोठी पॅनेल उत्पादक होती, तिची मुख्य उपकंपनी २०१३ साली दिवाळखोरीत गेली. त्यांची पॅनेल मात्र लोकांच्या छतांवर वीज देत राहिली.

माझ्या मते यापेक्षा मोठी जोखीम बसवून देणाऱ्या स्थानिक ठेकेदाराची आहे. पॅनेल कंपनी राहते, तोच पुढच्या धंद्याला लागतो. त्याने आपल्याच गावात, तालुक्यात तीन-चार वर्षांपूर्वी केलेली कामं बघून या आणि त्या घरमालकांना एकच विचारा: बिघाड झाल्यावर फोन उचलतो का?

पंतप्रधान सूर्यघर योजनेतून बसवलं तर देखभाल कोणाकडे?

पहिली ५ वर्षं बसवणाऱ्याकडे, तशी योजनेची अटच आहे. अनुदान २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये. ते मिळण्यासाठी पॅनेल भारतात बनलेल्या सेलचं असावं लागतं. ५ वर्षांची देखभाल म्हणजे नेमकं काय, वर्षातून किती फेऱ्या, धुणं त्यात आहे की नाही, हे करारात लिहून घ्या. तोंडी "सगळं आमच्याकडे" याचा अर्थ सहसा "फोन करा, बघू" असा निघतो.

इन्व्हर्टर किती वर्षं जातो?

खरा खर्चाचा खड्डा इथे आहे. पॅनेलमध्ये हलणारं, तापून-निवणारं इलेक्ट्रॉनिक्स नसतं. इन्व्हर्टर म्हणजे तेच सगळं. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग, उष्णतेने हळूहळू सुकत जातात. साधारण ८ ते १२ वर्षं हा व्यवहारी अंदाज. वॉरंटी कंपनीनुसार ५ ते १० वर्षांची असते, काही जण पैसे घेऊन वाढवून देतात. २५ वर्षांच्या हिशोबात इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल हे धरूनच चाला, कदाचित दोनदा. ३ किलोवॅटसाठी आजच्या भावाने २५ ते ४० हजार रुपये बाजूला ठेवावेत.

याचं आयुष्य कुठे टांगलाय त्यावर फार ठरतं. "उघड्यावर बसवता येतो" असं कंपनी म्हणते ते पाणी आणि धूळ यांच्याबद्दल खरं आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, थेट दुपारच्या उन्हात तो टांगला तर पाणी आत गेलं नाही तरी आतली माणसं भाजून निघतात, म्हणजे कपॅसिटर. जिन्याच्या टोपीखाली, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर, सगळ्या बाजूंनी हवा लागेल असा लावा. वायर वाचवण्यासाठी ठेकेदार तो पॅनेलखालीच लावू म्हणेल. तिथे सावली असते हे खरं, पण मग पावसाळ्यात स्क्रीन बघायला, झाकण उघडायला कोणी फिरकत नाही.

लाइट गेली की सोलरही बंद होतं. बिघाड आहे का?

नाही, तसंच व्हायला हवं. लाइन बंद असताना तुमच्या घरातून वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल, म्हणून लाइनला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतःला तोडतो. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

मग बॅटरी किती टिकते?

पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी ४ ते ६ वर्षं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दहाच्या आसपास किंवा पुढे, उष्णतेपासून जपली तर. शहरात जिथे दिवसातून क्वचितच लाइट जाते तिथे बॅटरीवर पैसे घालू नयेत. रोज काही तास लाइट जाणाऱ्या गावात मात्र तिच्याशिवाय सोलर घेऊन चिडचिडच होईल.

आम्ही किनाऱ्यावर राहतो. खाऱ्या हवेने पॅनेल गंजेल का?

पॅनेलची फ्रेम ॲल्युमिनियमची असते, ती टिकते. गंजतं ते बाकीचं. रत्नागिरी, मालवण, अलिबाग या पट्ट्यात मी कोणालाही सांगेन की पॅनेलच्या ब्रँडवर घालवता तेवढा वेळ स्ट्रक्चरवर, म्हणजे पॅनेल ज्यावर बसतं त्या सांगाड्यावर, घालवा.

लोखंडी स्ट्रक्चर दोन प्रकारे जस्ताळलेलं मिळतं. एक, आधीच पातळ जस्त चढवलेल्या पाइपा कापून, वेल्डिंग करून उभं केलेलं. दिसायला चकचकीत, पण जिथे कापलं आणि जिथे वेल्डिंग केलं तिथला जस्ताचा थर गेलेला असतो. त्यावर चांदीचा रंग मारतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात तांबडे ओघळ दिसू लागतात. दुसरं, सगळं कापून, भोकं पाडून झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं. त्याचा पृष्ठभाग जरा खरबरीत, करडा असतो आणि थर ८० मायक्रॉनच्या घरात असतो. किनाऱ्यावर हेच घ्या, आणि जागेवर वेल्डिंग करू देऊ नका. सांधे नट-बोल्टचे हवेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, समुद्र अगदी जवळ असेल तर ३१६ दर्जाचे.

पॅनेलसाठी खाऱ्या धुक्याची वेगळी चाचणी असते, तिचा क्रमांक आयईसी ६१७०१. डेटाशीटवर तो आहे का पाहा. गोठा किंवा कुक्कुटपालन शेजारी असेल तर अमोनियाच्या चाचणीचाही क्रमांक असतो, आयईसी ६२७१६.

वायरींचे कनेक्टर हा किनाऱ्यावरचा आणखी एक कच्चा दुवा. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची, असे जोड बसतात खरे, पण नीट बसत नाहीत. आत ओल जाते, गरम होतं आणि एखाद्या दिवशी वितळतं. कनेक्टर स्लॅबवर पाण्यात लोळत नाहीत ना, एवढं पावसाळ्यापूर्वी स्वतः बघता येतं.

वादळात उडून जाईल का?

चांगलं बांधलेलं असेल तर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडे घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वाऱ्यात पॅनेलवर वजनापेक्षा वर उचलण्याचा जोर जास्त येतो, विमानाच्या पंखावर येतो तसा.

इमारतींवरच्या वाऱ्यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, आणि पुण्यासाठी ३९ मीटर, ताशी सुमारे १४०. ठेकेदाराला विचारा की स्ट्रक्चर कोणत्या वेगासाठी काढलंय. उत्तर "काही होत नाही हो" असं आलं तर त्याने ते काढलेलं नाही.

आपल्याकडे हौस असते ती उंच स्ट्रक्चरची. खाली गच्ची मोकळी राहावी, उन्हाळ्यात सावलीत बसावं, कपडे वाळत घालावेत. मागणी योग्य आहे, पण सात-आठ फूट उंचीवर वारा जास्त पकडतो, पाय जाड लागतात, तिरपे आधार लागतात, आणि काँक्रीटचे नुसते ठोकळे ठेवून ते भागत नाही. उंच हवं असेल तर त्याचे पैसे मोजायची तयारी हवी. बुटक्या स्ट्रक्चरच्या भावात उंच देणारा माणूस लोखंडात वाचवतोय.

ड्रिल मारल्याने स्लॅब गळायला लागला तर?

गळतो, आणि सोलरबद्दलच्या माझ्या ऐकण्यातल्या तक्रारींत ही फार वर आहे. वॉटरप्रूफिंगच्या थरातून भोक पाडून बोल्ट ठोकला की पहिल्या जोरदार पावसात खालच्या खोलीच्या छताला ओल धरते. त्याऐवजी स्लॅबवर काँक्रीटचे चौथरे जागेवरच ओतून घेणं आणि त्यात बोल्ट बसवणं बरं. चौथऱ्याच्या पायथ्याशी गोलाई करून घ्यावी म्हणजे पाणी साचत नाही. भोक पाडणं टाळताच येत नसेल तर केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) वापरून वरून परत वॉटरप्रूफिंग करून घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन-तीन वर्षांत करायचंच असेल तर ते आधी करा, सोलर नंतर. उलटं केलं तर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागतं, आणि दर चढ-उतारात पॅनेलला धक्के बसतात.

गारा पडल्या तर काच फुटेल?

प्रमाणित पॅनेलवर २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने वेगवेगळ्या जागी मारून पाहतात. त्यात काच टिकली तरच प्रमाणपत्र. नेहमीच्या गारपिटीला एवढं पुरतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात झाली तशी मोठ्या गारांची गारपीट आली तर फुटूही शकते, म्हणून घराच्या विम्यात सोलरचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

नव्या दुहेरी काचेच्या पॅनेलबद्दल इथेच सांगतो. दोन्ही बाजूंना काच असल्याने ओल आत शिरत नाही, वॉरंटी ३० वर्षांची मिळते, हे खरं. पण त्यातली प्रत्येक काच बहुधा २ मिलिमीटरची असते; जुन्या एका काचेच्या पॅनेलमध्ये ती ३.२ मिलिमीटरची आणि पूर्ण टफन केलेली असायची. त्यामुळे पॅनेल धरून ठेवणारा क्लॅम्प जास्त आवळला किंवा चुकीच्या जागी लावला की तडा जायचा धोका वाढलाय. क्लॅम्प कुठे लावायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं.

वानरांचं काय?

कोकणात आणि घाटमाथ्यावर हा प्रश्न थट्टेचा नाही. वानराच्या उडीने काच सहसा फुटत नाही, पण ती वायरी ओढतात. वायरी पाइपातून नेणं आणि पॅनेलमागचे वायरींचे लोंबते वेढे बांधून टाकणं हाच उपाय. उंदीर आणि खारीही डीसी वायर कुरतडतात. कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, तिथे कडेने जाळी लावता येते. हवा मात्र खेळती राहायला हवी.

पॅनेलवर पाय ठेवून धुतलं तर चालतं का? माणूस तर तसंच करतो.

नाही, आणि त्याला थांबवा. काच माणसाचं वजन पेलते, तिच्याखालचा सेल पेलत नाही. सेल कागदासारखा पातळ असतो. त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात, त्या उन्हात-थंडीत प्रसरण-आकुंचन होऊन वाढतात आणि दोन-तीन वर्षांनी त्या भागाची वीज जाते. तोवर धुणारा माणूस बदललेला असतो. बसवतानाच दोन रांगांमध्ये चालायला जागा सोडायला लावा.

किती दिवसांनी धुवावं, आणि कोणत्या पाण्याने?

पावसाळा सोडून साधारण १५ दिवसांनी. रस्त्याकडेला, वीटभट्टीजवळ, खडीच्या क्रशरजवळ असाल तर आठवड्याला. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका. साबण, निरमा, घासणी काही नको, मऊ कापडी पोछा पुरे.

पाण्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. सोलापूर, लातूर, नगरकडच्या बोअरच्या जड पाण्याने रोज धुतलं की काचेवर पांढरा क्षाराचा पडदा बसतो आणि मग तो कशानेच जात नाही. बोअरचंच पाणी वापरावं लागत असेल तर ओलं राहू देऊ नका, वायपरने निपटून काढा. खालच्या कडेला फ्रेमच्या आत मातीची पट्टी साचते ती विसरू नका. शेवटच्या ओळीतले सेल तिच्यामुळे झाकले जातात.

थोडीशीच सावली पडते. तेवढ्याने काय होतं?

पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. नळीला एके ठिकाणी पीळ पडला की पुढचं सगळं पाणी अडतं, तसं एका सेलवर सावली आली की त्या ओळीचा प्रवाह अडतो. वर तो झाकलेला सेल वीज देण्याऐवजी खाऊ लागतो आणि तापतो. ते टाळायला पॅनेलच्या मागे बहुधा तीन बायपास डायोड असतात, झाकलेला भाग ते वळसा घालून सोडून देतात. पण रोज त्याच वेळी, त्याच जागी टाकीची सावली पडत राहिली तर डायोडही वर्षानुवर्षं तापत राहतो आणि एक दिवस जातो. त्यानंतर त्या जागी काचेखाली तपकिरी डाग पडतो. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा हेच छोट्या प्रमाणात करते. म्हणजे सावलीने आजची वीज जातेच, शिवाय आयुष्यही घटतं.

वीज पडली तर?

थेट पॅनेलवर क्वचित पडते. आसपास पडली तरी वायरीतून येणारा झटका इन्व्हर्टर जाळतो. यासाठी तीन वेगळे अर्थिंगचे खड्डे करतात: डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि वीजरोधकाचा. पैसे वाचवायला एकातच तिन्ही जोडण्याचा प्रकार चालतो, तो बघून घ्या. डीसी आणि एसीच्या डब्यांत सर्ज रोखणारी छोटी उपकरणं असतात, त्यांना बारीक खिडकी असते. ती हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर त्याने एक झटका तुमच्या वतीने खाल्लाय, आता ते बदलायचं. दर मेमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आधी, ही खिडकी बघण्याची सवय लावा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी: मेन स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरीत शेकडो व्होल्ट असतात. चालू स्थितीत कनेक्टर ओढून काढू नका, ठिणगी विझत नाही.

पॅनेल खराब झालंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बसवलं त्या आठवड्यातच प्रत्येक पॅनेलच्या मागच्या लेबलाचा, क्रमांकासह, फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी उन्हाने लेबलं पुसतात आणि क्रमांकाशिवाय वॉरंटी नाही. मग वर्षातून एकदा बघायचं: काचेखाली तपकिरी डाग, बुडबुडे, गोगलगाय फिरल्यासारख्या रेघा, फ्रेमजवळ थर सुटलेला, मागचा पांढरा थर तडकलेला किंवा हात लावल्यावर पावडर होणारा. यातला शेवटचा सगळ्यात गंभीर, कारण तिथून ओल शिरते आणि पावसात इन्व्हर्टर वीजगळतीची सूचना देऊन बंद पडू लागतो. सकाळी ओलं असताना उशिरा सुरू होणारा इन्व्हर्टर दिसला तर आधी मागचा थर आणि वायरी तपासा; इन्व्हर्टर बदलण्याची घाई नको.

एकच पॅनेल फुटलं, तर तेवढं बदलता येतं का?

येतं, पण तेच मिळेल याची आशा धरू नका. दहा वर्षांपूर्वी घरांवर २५० ते ३२० वॅटची पॅनेल लागत, आता ५४० आणि पुढची लागतात. लांबी-रुंदी वेगळी, प्रवाह वेगळा. एका ओळीत जोडताना नव्याचा प्रवाह जुन्याइतका किंवा जास्त हवा, नाहीतर ते सगळ्या ओळीला खाली खेचेल. जास्तीचे वॅट वाया जातात, त्याला इलाज नाही.

सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे. बसवावं का?

चार-पाच वर्षांत इमारत पाडायचं नक्की असेल तर थांबा. पॅनेल आणि इन्व्हर्टर काढून दुसरीकडे नेता येतात, पण स्ट्रक्चर, वायरी, चौथरे आणि मजुरी यांतलं फारसं काही परत मिळत नाही, आणि नेट मीटरची (लाइनवरून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रं नव्याने करावी लागतात. नुसत्या गप्पाच चालू असतील तर मात्र त्या गप्पा किती वर्षं चालू आहेत ते आठवून ठरवा.

वापरलेली जुनी पॅनेल स्वस्तात मिळतात, घ्यावीत का?

घराच्या नेट मीटरसाठी नको. अनुदान मिळणार नाही आणि वॉरंटीही. शेतावरच्या एखाद्या दिव्याला, कुंपणाला चालतील, मागचा थर शाबूत असेल तर.

आयुष्य संपल्यावर या पॅनेलचं करायचं काय?

वजनाने पाहिलं तर पॅनेलचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काच असतो. मग ॲल्युमिनियमची फ्रेम, प्लास्टिकचे थर, थोडं सिलिकॉन, तांबं, किंचित चांदी आणि डाग देऊन (सोल्डर करून) केलेल्या जोडांत शिसं. भंगारवाल्याला फ्रेम आणि तांबं हवं असतं. उरलेलं तो ओढ्याकाठी टाकतो, तिथे शिशाचा प्रश्न उभा राहतो. केंद्र सरकारच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, सोलर पॅनेलचा समावेश आहे, आणि उत्पादकांनी २०३४-३५ पर्यंतचा असा कचरा साठवून ठेवावा असं त्यात म्हटलंय. घरमालकाने पॅनेल फोडू नये, अखंड ठेवावं आणि नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे किंवा विक्रेत्यामार्फत कंपनीकडे द्यावं. देताना पावती घ्यावी, आणि त्यावर पॅनेलचे क्रमांक लिहून घ्यावेत.